तोंडाने काही देऊ नये

"ऑपरेशन झाल्यापासून तोंडाने काहीही दिलेलं नाही," सिस्टरांनी सांगितलं. "पाण्याचा थेंबसुद्धा नाही."

वॉर्डात मोठे डॉक्टर राउंडला आले की सिस्टरांचा आवाज असाच लागायचा, चोख आणि थोडी शाबासकी मागणारा. समोरची प्राण्यांची डॉक्टर वयाने त्यांच्या निम्मीही नव्हती. टेबलावरच्या सशाच्या पोटावरून फिरणारा तिचा हात थांबला.

"सिस्टर, दर तीन तासांनी भरवायला सांगितलं होतं ना मी?"

सांगितलं होतं, कागदावर लिहूनही दिलं होतं. सिस्टरांनी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला होता आणि घरी जाऊन स्वतःचंच खरं केलं होतं. चौतीस वर्षं सर्जिकल वॉर्ड सांभाळलेल्या बाईला काल-परवा पास झालेल्या पोरीने ऑपरेशननंतरचं काय शिकवायचं? पेशंटचा गॅस पास होत नाही तोवर तोंडाने काही नाही. या नियमापायी त्यांनी नातेवाइकांच्या हातातले डबे परत पाठवले होते आणि त्यांचे शिव्याशापही खाल्ले होते. सशाची दाढ काढली होती, जबड्याखालचा पू काढला होता. ऑपरेशन ते ऑपरेशन, त्यात ससा काय आणि माणूस काय.

डॉक्टरने आवाज न चढवता समजावलं. सशाचं तसं नसतं. त्याचं पोट कधी रिकामं राहताच कामा नये, राहिलं की आतडी थांबतात. त्यात दुखण्यावरचं औषध जड, त्याने ती आधीच सुस्तावलेली. दीड दिवस उपास घडला, आता पोट दगडासारखं झालंय.

"माझी चूक आहे," सिस्टर म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी आयुष्यात फार वेळा उच्चारलं नव्हतं, त्यामुळे ते जरा कडकच निघालं.

डॉक्टरने सुया टोचल्या, कातडीखाली सलाईन दिलं, औषध बदलून हलकं केलं आणि मग हात धुताना पाठमोरी राहूनच म्हणाली, "उद्या संध्याकाळपर्यंत लेंडी पडली नाही, तर त्याचे हाल थांबवायचा विचार करावा लागेल."

"विचार तुम्ही करा," सिस्टरांनी टॉवेलात ससा गुंडाळला. "भरवायचं मी बघते."

सशाचं नाव लाटसाहेब. ते ठेवलं होतं सिस्टरांच्या यजमानांनी. ते शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेने प्राण्यांचा कोपरा बंद केला तेव्हा हा एक ससा कोणी न्यायला तयार होईना, कारण तो चावायचा. मास्तरांनी तो खोक्यात घालून घरी आणला आणि त्याने पहिल्याच आठवड्यात मास्तरांच्या चांगल्यातल्या सात पेन्सिली कुरतडून संपवल्या. सिस्टरांना त्याचा मनस्वी राग होता. मास्तर गेले त्याला दोन वर्षं झाली. त्यांच्या शेवटच्या आजारात हा प्राणी त्यांच्या पायाशी तासन् तास बसून असे. तेव्हापासून राग कुठे गेला ते सिस्टरांना कळलं नव्हतं.

घरी दारातच भाऊजी उभे. भाऊजी म्हणजे मास्तरांचे धाकटे भाऊ, वरच्या मजल्यावर एकटे राहणारे, पोस्टातून निवृत्त झालेले. भिडस्त माणूस. हात मात्र सैल, कुणी बघत नसलं की सशाला बिस्किटाचा तुकडा सारायचे. ऑपरेशन झाल्यावर त्यांच्याच धास्तीने सिस्टरांनी पिंजऱ्याच्या गजांना पत्र्याची पाटी बांधली होती. पांढऱ्यावर लाल अक्षरं: तोंडाने काही देऊ नये. वॉर्डात प्लास्टिकच्या पाट्या आल्या तेव्हा जुन्या भंगारात निघाल्या, त्यातली ही एक त्यांनी घरी आणली होती. का आणली ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

ती पाटी यापूर्वी या घरात एकदाच टांगली गेली होती, मास्तरांच्या पलंगाला. गिळलेलं फुप्फुसात जायला लागलं होतं, म्हणून नळीतून भरवायचं ठरलं. मास्तरांनी दोन घोट चहा मागितला. सिस्टरांनी पाटीकडे बोट दाखवलं. मास्तरांनी मान वळवून पाटी वाचली, अक्षराचं वळण बरं नाही म्हणाले आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. नियमाप्रमाणे सगळं झालं होतं. बोट ठेवायला कुणाला जागा नव्हती.

आता सिस्टरांनी पदर खोचला, वाळल्या गवताच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवल्या, त्यांचा हिरवट लगदा केला आणि बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरला. सशाला तान्ह्या मुलासारखं गुंडाळून मांडीवर घेतलं. भाऊजी दारातूनच बघत होते.

"वहिनी, घशात जाईल," ते म्हणाले. "जबरदस्ती नका करू. सुखाने जाऊ दे त्याला."

"जायचंच असेल तर भरल्या पोटी जाईल," सिस्टर म्हणाल्या. "उपाशी नाही जाऊ द्यायची मी."

भाऊजींचा चेहरा उतरला. ते जिना चढून निघून गेले.

पुढच्या दातांच्या बाजूने सिरिंजचं टोक आत सरकवायचं, थेंब-थेंब सोडायचं, गिळेपर्यंत थांबायचं. लाटसाहेबाने गिळलं नाही. लगदा हनुवटीवरून सिस्टरांच्या मनगटापर्यंत ओघळला. त्यांनी पुसला, पुन्हा भरला. ससा दुखण्याने दात खात होता, तो करकर आवाज त्यांच्या मांडीला जाणवत होता. "दात काय खातोस," त्या त्याला म्हणाल्या, "हे खा." पाऊण तासाने दोन चमचे आत गेले असतील. मग पोट चोळणं, अगदी हलक्या बोटांनी. मग कपाटातून जुना स्टेथोस्कोप काढून पोटाला लावला. चालत्या आतड्यांचा आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता. आत सामसूम होती.

लेंडी पडली तर दिसायला हवी. कागद घातला की लाटसाहेब तो नखांनी गोळा करून कोपऱ्यात ढकलायचा, आजारी असला तरी ती खोड गेली नव्हती. सिस्टरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि गजांवरची पाटी सोडली. क्षणभर ती हातात धरून उभ्या राहिल्या. मग मुद्दाम, अक्षरं वर येतील अशी, पिंजऱ्यात आडवी टाकली.

"बस ह्याच्यावर," त्या म्हणाल्या.

दर तीन तासांनी त्यांनी भरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण डोकावली, एवढ्याशा जिवासाठी किती धडपड करता म्हणाली. सिस्टरांनी तिला सांगितलं की जीव मोजायचं माप त्यांच्याकडे नाही, तिच्याकडे असेल तर आणून द्यावं. शेजारीण पुन्हा आली नाही. अकरा वाजता डॉक्टरचा फोन आला. काही नाही, असं सिस्टरांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाली, संध्याकाळी सहाला दवाखान्यात या. सिस्टर म्हणाल्या, बघू.  त्या मांडीवरच्या सशाकडे बघत राहिल्या. हा जीव त्यांच्या नियमाने मरत होता आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मास्तरांच्या वेळी निदान तसं नव्हतं, असं त्या दोन वर्षं स्वतःला सांगत आल्या होत्या.

बाराच्या भरवण्यात त्याने एकदा गिळलं. नीट गिळलं, मानेची हालचाल दिसली. स्टेथोस्कोपमध्ये खूप खोल कुठेतरी गुडगुडलं. सिस्टरांनी श्वास रोखून पुन्हा ऐकलं. मग त्यांनी सिरिंज पुन्हा भरली.

तीनच्या सुमारास त्या स्वयंपाकघरात लगदा कालवत होत्या. तेवढ्यात पत्र्यावर टिक् असा आवाज झाला. थोड्या वेळाने आणखी एकदा, आणि लगेच तिसरा.

त्या हात न पुसताच बाहेर आल्या. पाटीवर, लाल अक्षरांच्या बरोबर मधोमध, तीन लेंड्या पडल्या होत्या, बारीक, कोरड्या, मोहरीहून थोड्या मोठ्या. लाटसाहेब त्यांच्याकडे पाठ करून बसला होता, जणू त्याचा या प्रकाराशी काही संबंध नाही.

सिस्टरांनी फोन लावला. "तीन वाजून पाच मिनिटांनी पेशंटला झाली," त्यांनी रिपोर्ट दिला. "तीन. कोरड्या. सहाला मी येत नाही." पलीकडून डॉक्टरच्या नाक ओढण्याचा आवाज आला. सिस्टरांनी तिला रडू नका म्हणून सांगितलं आणि फोन ठेवल्यावर स्वतः पिंजऱ्याला टेकून चांगल्या रडल्या.

भाऊजी खाली आले ते त्यांना तशा बघून चपापले. गेला का, असं त्यांनी फक्त डोळ्यांनी विचारलं. सिस्टरांनी पाटी दाखवली. भाऊजी गुडघे धरत खाली बसले, लेंड्या पाहिल्या, मग अक्षरं पाहिली.

"तुमच्या भावाला दोन घोट चहा द्यायला हवा होता मी," सिस्टर म्हणाल्या. "पाटी दाखवली मी त्यांना."



"मी दिला होता, वहिनी," ते म्हणाले. "तुम्ही आंघोळीला गेला होतात. चमच्याने दिला. सहा चमचे. आणि दुसऱ्या दिवशी दादा गेला. माझ्यामुळेच ना? रोज वाटतं, आज तुम्हाला सांगावं."

म्हणून हा माणूस दोन वर्षं नजरेला नजर देत नव्हता. म्हणून काल ते घशात जाईल म्हणणं. सिस्टरांना आधी राग आला, वॉर्डातला, नेहमीचा. तो आला तसाच ओसरला.

"ठसका लागला होता?"

"नाही. साखर कमी आहे म्हणाला."

"मग तुमच्या चहाने काही झालेलं नाही," सिस्टर म्हणाल्या, मोठ्या डॉक्टरांपुढच्या त्या चोख आवाजात. पुस्तकात उत्तर इतकं सरळ नव्हतं हे त्यांना ठाऊक होतं. पण पुस्तकाचं ऐकणं त्यांनी कालपासून सोडलं होतं.

भाऊजींनी बाहीने तोंड पुसलं. सिस्टर आत गेल्या, भरलेली सिरिंज घेऊन आल्या आणि टॉवेलात गुंडाळलेला लाटसाहेब त्यांच्या मांडीवर ठेवला.

"ह्या वेळचं तुम्ही द्या," त्या म्हणाल्या. "बाजूने. सावकाश."

भाऊजींनी सिरिंजचं टोक बाजूने आत सरकवलं. ससा आधी त्यांच्या अंगठ्याला चावला, मग गिळू लागला.