कंपनी हिरवा

आमच्या क्वार्टर्समध्ये हिरवा म्हणजे एकच हिरवा होता. थोडा करडा, थोडा शेवाळी, मशिनला मारतात तो. बाल्कनीचं ग्रिल, मीटरची पेटी, मोरीतली लोखंडी बादली, खालच्या मजल्यावरच्या बाळाचा पाळणा, सगळं त्याच रंगाचं. लहानपणी माझी अशी समजूत होती की लोखंड मुळात हिरवंच असतं आणि गंजलं की तपकिरी होतं. हा रंग येतो कुठून, असं कुणी कुणाला विचारत नसे. तो उरलेला असायचा. कंपनीत रंग नेहमी उरायचा आणि तो नेहमी ऑफिसरांच्याच घरी यायचा, हे कळायला मला दहावीची सुट्टी उजाडावी लागली.

त्या सुट्टीत बाबांनी स्कूटर आणली. माझे बाबा, श्रीपाद टिपणीस, अंबरनाथच्या एका मशिनच्या कारखान्यात शिफ्टचे साहेब होते. शिस्तीचा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं आणि ते नाव आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त प्रिय होतं. स्कूटर उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एका गॅरेजमागे सापडली, जुनी लॅम्ब्रेटा, अर्ध्या अंगावर गंज चढलेली. गॅरेजवाल्या सिंधी काकांनी सीटवरची धूळ झटकली आणि म्हणाले, "इंजिन बादशाह है साईं. बॉडी का क्या है, बॉडी तो आदमी की भी जाती है." टेम्पोत घालून ती आमच्या जिन्याखाली आली तेव्हा आईनं वरूनच विचारलं, "अहो, ही विकत आणलीत की कुणी टाकून गेलं?"

पण मला ती सुट्टी आवडली. बाबा एरवी माझ्याशी मार्कांपुरतं बोलायचे. आता आम्ही दोघं जिन्याखाली गोणपाट अंथरून बसायचो आणि पॉलिश पेपरनं गंज घासायचो. नाकातोंडात लाल भुकटी जायची. पोचे आले होते तिथं बाबा पुटी भरायचे, वाळली की मी ती घासून सपाट करायची. "बोट फिरव, डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस," असं ते म्हणायचे. काम जमलं की स्वतःशीच गुणगुणायचे. बाबांना गुणगुणता येतं ही माझ्यासाठी बातमीच होती.

त्याच दिवसांत भगवान भोईरचं प्रकरण झालं. भगवान पॅकिंगमध्ये हेल्पर, कारखान्याला लागून असलेल्या मोरिवली गावातला. सुटीच्या वेळी गेटवर कामगारांचे डबे उघडून बघतात, तर त्याच्या डब्याच्या खालच्या पुडात भाजी नव्हती, रंग होता. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि दाराला रंग द्यायचा होता, असं तो म्हणाला. शिफ्ट बाबांची होती. त्यांनी रिपोर्ट लिहिला, भगवानला घरी बसवलं आणि पुढच्या सोमवारी चौकशी ठेवली. चोरी शाबीत झाली की नोकरी जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

बाबांनी हे जेवताना सांगितलं. "आज दया दाखवली तर उद्या हे लोक डब्यातून अख्खं मशीन नेतील." मी मान डोलावली. मला त्यांचा अभिमानच वाटला. जेवण झाल्यावर त्यांनी ऑफिसच्या पिशवीतून डालड्याचा डबा काढला, झाकण उचकटलं आणि आतला रंग मला दाखवला. "उरलेला होता. एवढ्यात दोन हात होतील बघ." ऑफिसरांच्या पिशवीला गेटवर कुणी हात लावत नाही. आई पानं उचलत होती. तिनं त्या डब्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि खरकटं काढायला लागली. मला काहीसुद्धा खटकलं नाही. भगवानचा रंग चोरीचा आणि आमचा उरलेला, हे दोन वेगळे रंग आहेत असंच मी धरून चालले होते. दोन्ही एकाच पिंपातले होते हे डोक्यातही आलं नाही.

स्प्रेची गन कुठून आणणार? आम्ही ढेकणांचं औषध मारायचा पंप धुऊन घेतला. रंग घट्ट होता, पंपातून येईना, म्हणून बाबांनी त्यात रॉकेल ओतलं. मग मात्र झकास फवारा बसला. मी पंप दाबत होते आणि बाबा मागून "हलक्या हातानं, ओघळ येईल," म्हणत होते. गाडी खरंच देखणी झाली. वाळायची तेवढी बाकी होती आणि ती काही वाळेना. बाबांना मात्र अक्षय्य तृतीयेचाच मुहूर्त हवा होता. आईनं कुंकवानं स्वस्तिक काढलं तेव्हा तिचं बोट रंगाला चिकटलं. "अहो, अजून ओली आहे." "वाऱ्यानं वाळेल," बाबा म्हणाले. चाकाखाली लिंबू ठेवलं, ते चिरडून आम्ही निघालो.

शिवमंदिरात नारळ फोडला. येताना गाडी मोरिवलीजवळ आचके देऊन बंद पडली. बाबा किका मारून घामाघूम झाले. रस्त्याकडेच्या घरासमोर लग्नाचा मांडव घालणं चाललं होतं. तिथून एक माणूस लगबगीनं आला. "गारी बंद परली का सायेब?" बाबा त्याच्याकडे बघेनात. त्यावरूनच मी ओळखलं की हा भगवान.

"नको, होईल सुरू," बाबा म्हणाले.

"तुमी बसा. मी धक्का देतो."

त्याच्या मागे घराचं दार दिसत होतं. एक फळी हिरवी होती आणि दुसरी तशीच, कोऱ्या लाकडाची. भगवाननं मागच्या पत्र्यावर दोन्ही हात टेकले आणि जोर लावला. गाडी लगेच सुरू झाली. बाबांना खरं तर तसंच निघून जायचं होतं, पण मी मागं वळून पाहिलं आणि म्हटलं, "बाबा, थांबा." भगवान रस्त्यात हात पुढं धरून उभा होता. दोन्ही तळवे हिरवे झाले होते.

तो कधी हाताकडे बघे, कधी गाडीकडे. मग चालत आमच्याजवळ आला. आवाज चढला नव्हता.

"सायेब, रंग वला हाय अजून."

बाबा समोर रस्त्याकडे बघत होते.

"सोमवारी चौकशीला येताव. हात धुऊन येऊ, का असाच येऊ?"

रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस आपल्याकडेच बघतोय असं वाटायला लागलं. आम्ही घासलेली, भरलेली, फवारलेली ती गाडी मला क्षणात नकोशी झाली, आणि तिच्यावर मी गौरीसारखी नटून बसले होते. बाबांनी गिअर टाकला.

घरी आल्यावर दिसलं, मागच्या पत्र्यावर दोन पंजे उमटले होते, दहाही बोटांसकट. बाबांनी पंप भरला, नेम धरला आणि तसाच खाली ठेवला. आईला मी सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून." ती हे बाबांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली.

"बाबा, सोमवारी तुम्ही काय सांगणार?" मी विचारलं.

"बघू," ते म्हणाले. माझ्या बाबांच्या तोंडून मी 'बघू' हा शब्द कधी ऐकला नव्हता.

सोमवारी ते स्कूटर घेऊन कंपनीत गेले, पंज्यांसकट. मी दिवसभर खिडकीत होते. शिस्तीचा माणूस शेवटी शिस्तीनंच वागेल, खरं सांगेल आणि भगवानची नोकरी वाचेल, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. आपल्या बापाबद्दल वाटलेली लाज अशी एका दिवसात फेडून टाकायची मला घाई झाली होती.

ते परतले तेव्हा मी जिन्यातच उभी होते.

"सांगितलं मी," बाबा म्हणाले. "रंग मीही नेलाय, डालड्याच्या डब्यातून नेलाय. बाहेर उभ्या गाडीला तोच लावलाय, बघून घ्या, म्हटलं."

"मग?"

"मॅनेजर हसले. सगळेच हसले. म्हणाले, टिपणीस, तुम्ही म्हणजे फारच. अहो, उरलेला रंग, त्याची कसली चोरी. लिहून घ्या म्हटलं, तर चहा मागवला."

"आणि भगवान?"

बाबा जिन्याच्या पायरीवर बसले. "त्याला काढलं. माझ्याच रिपोर्टवर."

थोड्या वेळानं ते उठले. "मी आत काय सांगितलं ते भगवानच्या कानावर घालायला हवं," म्हणाले. चौकशी चालू असताना त्याला बाहेर बसवलं होतं, त्यामुळे आत काय झालं हे त्याला माहीत नव्हतं. कशासाठी सांगायचं, ते काही बोलले नाहीत. मला वाटतं, त्यांना 'जाऊ द्या सायेब' एवढंच ऐकायचं होतं. मलाही ते ऐकायचं होतं, म्हणून मी मागं बसले.

भगवान मांडवाच्या खांबाला दोरी बांधत होता. त्याची बायको विठा आम्हाला बघून आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. जावयाकडची माणसं यायची होती. नोकरीचं अजून घरात सांगितलं नसावं, कारण तिनं हसून बसायला सांगितलं.

बाबा बसले नाहीत. ती आत गेल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. आपण चौकशीत काय कबूल केलं ते, डबा, रंग, गाडी, सगळं. भगवान दोरी हातात धरून ऐकत होता.

"तुमी सांगितलाव?"

"हो. शब्द न् शब्द."

"मंग ते काय बोलले?"

बाबांना खोटं बोलता आलं असतं. ते बोलले नाहीत.

"हसले."

भगवाननं मान हलवली. त्याला नवल वाटलं नव्हतं. दोरीची गाठ त्यानं ओढून घट्ट केली आणि आत बायकोला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "मंग मी पन हासू का सायेब?"

बाबांना भगवानसमोर लाज वाटत होती आणि मला बाबांची. आणि खरं सांगायचं तर, मीही कशाच्या आशेनं मागं बसून आले होते, त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटत होती. पाण्याला हात न लावता आम्ही निघालो.

रस्त्यावर आल्यावर बाबांनी हँडल धरलं, मी मागून हात लावला आणि घरापर्यंत आम्ही स्कूटर ढकलत आणली. ती बंद पडलेली नव्हती.