चिकटलेल्या पानामागचा ‘महाभियोग’

“बये, तुझी दोन पानं खळीनं चिकटलीत. दोन दिवस थांब, सोडवून देतो. नाहीतर कधीतरी तोंडघशी पडशील!” बाइंडरकाका मला म्हणाले होते. पण अंगावर नवं कापडी कव्हर चढलेलं, मला मिरवायची घाई. त्याच संध्याकाळी कचेरीचा शिपाई न्यायला आला आणि मी हुश्श केलं. दोन पानांनी काय आभाळ कोसळणार होतं?

मित्रांनो, मी वर्तमानपत्राच्या कचेरीतली एक जुनी डिक्शनरी आहे. शब्द अडला की सगळे म्हणायचे, “हिला विचारा. ही खोटं बोलत नाही.” मीही फुगायचे.

एकदा बातमी आली : एका न्यायाधीश बाईंवर महाभियोग. उपसंपादकाने मला उघडलं. पानाच्या अगदी तळाशी लिहिलं होतं, ‘महाभियोग : उच्च पदावरील व्यक्तीला पदावरून दूर कर-’. उरलेला अर्थ चिकटलेल्या पानांच्या आत. घाईत त्याने मनानेच ‘णे’ जोडलं. मथळा झाला : ‘न्यायाधीश बाईंची हकालपट्टी!’

तिसऱ्या दिवशी त्या बाई आल्या. सोबत बोट धरून लेक.

“मला काढलं कुणी हो?”

उपसंपादकाने मला उघडून पुढे केलं. “महाभियोग म्हणजे काढणंच की, बाई! हे बघा, छापलंय.”

बाईंनी पान चिमटीत धरलं. “एवढं जाड पान असतं का, भाऊ?” त्यांनी नखाने ते अलगद सोडवलं. लेकीने अडखळत वाचलं, “‘-ण्यासाठी तिच्यावर कायदेमंडळात रीतसर ठेवलेला आरोप. तो सिद्ध होईपर्यंत पद कायम.’”

उपसंपादकाचं तोंड एवढंसं झालं.

“म्हणजे तुला काढलं नाही, आई?”

“नाही गं. नुसता आरोप आहे. माझं उत्तर व्हायचंय अजून.”

“मग वर्गात सगळे मला ‘हकालपट्टी’ का म्हणतात?”

माझ्या पोटात हजारो शब्द होते. त्यातलाच एक आता तिला चिकटला होता.

पुढे आरोप सिद्ध झाला नाही. खुलासा छापला, पोस्टाच्या तिकिटाएवढा. लेक मात्र शाळेत जाईना, असं कानावर आलं. सगळे उपसंपादकाला बोल लावतात. पण पान माझं होतं. ‘णे’ आणि ‘ण्यासाठी’ यांच्यामध्ये एका मुलीची शाळा अडकली, याची मला अजून लाज वाटते.

मित्रांनो, माझी पानं जपा, अर्थ शेवटपर्यंत वाचा. आणि तुमच्या वर्गातल्या एखादीचा बाक बरेच दिवस रिकामा असेल, तर आज शाळा सुटल्यावर तिच्या घरी जा. तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारा. “उद्या येतेस ना?” एवढंच विचारा.