जाळीला लावलेलं अस्तर

मी वॉशिंग मशीनमधली जाळी बोलतेय. कपड्यांतून सुटलेली लव, तंतू पोटात धरायचे आणि पाणी जाऊ द्यायचं, एवढंच माझं काम. पण माझं पोट रिकामं करायचं या घरात कुणाला सुचलं नाही. भरून भरून शेवटी मी तळाशी फाटले.

हे म्हैसूरचं शिंप्यांचं घर. सासूबाई शांताक्कांना फाटकं बघवत नाही. त्यांनी मला नुसतं टाचलं नाही, आतून साटिनचं अख्खं अस्तर लावलं! टाके इतके सुरेख की मी चांगलीच फुशारले. पहिल्याच धुण्यात माझी फजिती झाली. अस्तरातून पाणीच जाईना, मी उपाशी आणि सगळी लव कपड्यांवर. धुणं पांढरं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. सांगणार कसं?

शनिवारी सून वर्षिणीने स्वतः बेतलेला पहिला कुडता पुरा केला. काळाभोर. व्हायोलिन वाजवणारी मृदुला तो घालून त्याच संध्याकाळी कार्यक्रमाला बसणार होती. नेमकं शिलाई मशीनचं तेल त्यावर सांडलं. वर्षिणीने घाईघाईत साबण लावून तो टॉवेलांबरोबर माझ्या भरवशावर धुवायला टाकला.

कुडता बाहेर आला तो पांढऱ्या लवेने माखूनच.

"अय्यो, काय ग हे!" शांताक्का कडाडल्या. "उद्यापासून तू बटणंच लाव, अष्टे, तेवढंच. कात्रीला हात नको."

"अत्ते, जाळी आहे म्हणून तर टाकला..."

"जाळीला नाव ठेवू नको. मी शिवलीय ती."

वर्षिणी डोळे पुसत चिकटपट्टीने एकेक तंतू उचलू लागली. इस्त्री फिरते न फिरते तोच मृदुला दारात. तिने कुडता उजेडात धरला. खांद्यावरचे राहिलेले तंतू तिने स्वतःच टिपले आणि "पर्वागिल्ला, चालेल," म्हणून ती निघून गेली.

वर्षिणी तिला सोडायला फाटकापर्यंत गेली, तशी शांताक्कांनी मला उपसून काढलं. आत बोटं घातली, एक तंतू नाही. फुंकर मारली, तीही पार होईना. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता सुनेला हाक मारतील. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला केराच्या डब्यात चिंध्यांखाली कोंबलं. असा संताप मला आयुष्यात आला नव्हता.

चिकटपट्टीचे बोळे टाकायला आलेल्या वर्षिणीला माझी कड दिसली. तिने मला ओढून काढलं, अस्तर चाचपलं आणि तिथेच उभ्या उभ्या ब्लेडने टाके उसवले. ते साटिन तिने सासूबाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"अत्ते, टाके छान आहेत. पण पुढचं कापडही मीच बेतणार."

शांताक्कांनी साटिनवरून हात फिरवला. मग त्यांनी कात्री उचलली, मूठ सुनेकडे केली आणि म्हणाल्या, "धार लावून घे आधी."

मी आता पुन्हा केरात आहे, भोकासकट. सकाळी घंटागाडी येईल. माझं काही म्हणणं नाही. नवी जाळी येईल तिला मात्र जपा. दर धुण्याला तिचं पोट रिकामं करा, आणि ती फाटली तर फाटली म्हणा.