दातानं आवळलेली गाठ

सुकेशनीचा खालचा जबडा पुढं आलेला होता, पण तिच्या भावाला, आदिनाथला, ते कधी दिसलंच नव्हतं. बहिणीचं तोंड ते बहिणीचं तोंड, त्यात बघायचं काय? तिच्या फक्त डाव्या दाढा एकमेकींना टेकतात आणि म्हणून ती भाकरी दुधात कुस्करून खाते, हे त्याला कळलं ती वीस वर्षांची झाल्यावर. मग मात्र त्याला स्वतःचीच लाज वाटली.

आदिनाथ पुंडलिकनगरात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचा आणि इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. पूल कुठं मोडेल हे संगणकावर आधीच मोडून बघणं, हा त्याचा आवडीचा उद्योग. जबड्याच्या सर्जन अपेक्षा मॅडमना त्यानं विचारलं, "चिरण्याआधी तिचा जबडा मी संगणकात तपासून बघू का?" मॅडम हो म्हणाल्या.

दोन्ही बाजूंनी हाड चिरायचं, पुढचा भाग मागं सरकवायचा आणि जोडावर टायटॅनियमची पट्टी स्क्रूंनी बसवायची, असं ते ऑपरेशन. प्रश्न एवढाच, की जोडाला नुसती पट्टी पुरेल, की सोबत आरपार एक लांब स्क्रूही घालायचा? घालावा तर ओठाची नस तिथंच; धक्का लागला तर खालचा ओठ कायमचा बधिर. न घालावा आणि जोड सरकला, तर पोरीला पुन्हा टेबलावर घ्यायचं.

आदिनाथनं स्कॅनवरून जबडा पडद्यावर उभा केला, त्याचे लाखभर बारीक तुकडे पाडले, पट्टी बसवली आणि दाढांवर मऊ भात चावण्याएवढा दाब दिला. सगळं निळं राहिलं. निळं म्हणजे निवांत, लाल म्हणजे धोका. पट्टी बास, असं त्यानं मॅडमना कळवलं आणि त्या संध्याकाळी क्रांती चौकातून तो असा ऐटीत गेला, जणू ऑपरेशन त्यानंच उरकलं होतं.

ते २०१६ सालचे उन्हाळ्याचे दिवस. वडील, मल्हारराव, मेंढरं घेऊन लासूर स्टेशनच्या बाजूला चाऱ्यामागं हिंडत होते, आणि माय, दगडाबाई, लेकीला घेऊन शहरात आली होती. इथं इमारतींवर इमारती चढत होत्या, पण दुष्काळ इथंही होता; नळ आठवड्यातून एकदा यायचा, बाकी टँकर.

दगडाबाई पडद्यासमोर येऊन बसली.

"ही आपली सुकी?"

"व्हय, माय. जबडा तिचा."

"लई साजरा दिसतोय. आन् खाती काय ही?"

"मऊ भात. डॉक्टरीणबाईंनी तेवढंच सांगितलंय."

"खाण्याचं झालं. करती काय?"

दगडाबाईनं कोपऱ्यातली सुतळी उचलली, काखेत मेंढरू धरल्यागत उशी दाबली, एका हातानं दोरी फिरवली आणि दुसरं टोक डाव्या दाढेत धरून मानेला असा हिसडा दिला, की गाठ करकचली.

"सुकी रोज हेच करती. एक हात मेंढराला, एक दोरीला. मग गाठ कोण आवळणार, तुझा मास्तर? तूबी असाच आवळायचा. साळंत गेला अन् इसरला."

आदिनाथचा चेहरा उतरला. त्यानं जगभरातले लेख धुंडाळले होते आणि स्वतःच्या घरातलं तोंड विसरला होता. त्यानं वजनाचा लटकता काटा आणला, त्याला दोरी बांधली आणि सुकेशनीला ओढायला लावलं. अकरा किलो. हसत हसत ओढले तिनं. त्यातला अर्धाच भार, तोही बाजूला ओढणारा, त्यानं मॉडेलला दिला, तर डाव्या पट्टीचा पुढचा स्क्रू लालबुंद झाला.

त्यानं मॅडमना फोन लावला. "मॅडम, माझं उत्तर चुकलं. डाव्या बाजूला नुसती पट्टी टिकणार नाही."

"अहो, दोरी ओढू नको म्हणून तिला सांगा की."

"सांगितलं. हो म्हणाली. आणि हो म्हणता म्हणता पिशवीची गाठ दातानं सोडली."

मॅडम आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. "डावीकडं लांब स्क्रू घालते. नस सांभाळणं माझ्याकडं लागलं."

ऑपरेशन झालं. ओठ आठवडाभर बधिर राहिला, मग हळूहळू जागा झाला. सात आठवड्यांनी एक्स-रे बघून मॅडम म्हणाल्या, जोड केसभरही हललेला नाही.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना सुकेशनी थांबली. "दादा, एक सांगू? रागावू नको."

"सांग."

"ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी टँकर आला. तू कॉलेजात. एका हातात पाइप, दुसऱ्या हातात ड्रमचा काठ, अन् पाइपाच्या तोंडाची चिंधी सुटली. पाणी चाललं वाया." तिचा आवाज बारीक झाला. "आवळून झाल्यावर कळलं मला, दातानं आवळली म्हणून. दिवसभर तोंड धरून बसले. मायलाबी नाय सांगितलं. वाटलं, तुझं समदं केलेलं मी मोडलं."

आदिनाथ पायरीवरच बसला. रागावायचं त्याच्या मनातही आलं नाही. त्यानं दोन्ही हातांनी तिची हनुवटी धरली. पडद्यावर हा जबडा त्यानं हजारदा फिरवून बघितला होता. हाताला मात्र आज पहिल्यांदा लागला, कोमट आणि घामेजलेला. त्याला रडू आलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत तो रडला.