माझ्या नाकातली चिमूटभर माती

वर बघा. अहो, तिकडे नाही, पंख्याच्या अलीकडे. मी बोलतोय, दोन दोऱ्यांना टांगलेलं विमान. बसा त्या बाकावर निवांत. चष्मेवाला बाहेर गेलाय, त्याची बायको गल्ल्यावर आहे, पण डोळे तपासायला तोच लागतो. तो येईपर्यंत तुम्हाला थांबावं लागणार आणि मलाही. माझा तर जीव सकाळपासून थाऱ्यावर नाही. कोणाशी तरी बोललो तर बरं वाटेल.

तुम्ही म्हणाल, विमान असून घाबरतो कसला? तर घाबरतो. मी आजवर एकदाही उडालेलो नाही. काडीसारख्या हलक्या लाकडाचा माझा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेला पातळ कागद. कोणी जोरात शिंकलं तरी मी गर्रकन फिरतो. हा पंखा तुम्ही बघताय ना, तो दोनवर असतो तोवर ठीक. चारवर गेला की माझ्या दोऱ्या एकमेकींत गुंततात. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते माझ्याकडे बघूनच कोणीतरी म्हटलं असावं.

माझा जन्म समोरच्या दुकानातला. त्या काचेतून बघा, रस्त्यापलीकडे खोक्यांची थप्पी दिसतेय ना? तिथे आता घरपोच सामान पोचवणाऱ्यांचं गोदाम आहे. पूर्वी तिथे छंदाचं दुकान होतं. विमानांचे, जहाजांचे संच, छोटी आगगाडी आणि तिचे रूळ, रंगांच्या इवल्या बाटल्या, कोरण्या, टाचण्या, डिंकाच्या नळ्या. नवखा माणूस आत शिरला की आधी वास घ्यायचा आणि मग विचारायचा, काय काय आहे हो तुमच्याकडे? मालक म्हणायचे, वेळ किती आहे ते सांगा, मग सांगतो.

मालकांना सगळे तोलकाका म्हणत. खरं नाव काय होतं ते दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी कोण वाचतो? काकांचा एक हट्ट होता. जो संच आपण स्वतः बांधला नाही तो गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. नवा माल आला की पहिला संच ते फोडायचे, दुकानामागच्या खोलीत टेबलावर नकाशा पसरायचे आणि त्यावर टाचण्यांनी काड्या टोचून बांधायला बसायचे. कुठली काडी ठिसूळ आहे, कुठे डिंक कमी लावायचा, कुठे नकाशाच चुकलाय, हे सगळं त्यांना बोटांनी कळायचं. असा बांधलेला पहिला नमुना दुकानात टांगायचा. त्यांतलाच एक नमुना म्हणजे मी.

माझ्या पंखांवरचा कागद मात्र काकूंनी चढवला. त्या दुपारी जेवणाचा डबा घेऊन यायच्या आणि काकांचं जेवण होईपर्यंत हात रिकामा ठेवायच्या नाहीत. कागद चिकटवून त्यांनी त्यावर पाण्याचा हलका फवारा मारला. ओला कागद ढिला पडला आणि माझं धाबं दणाणलं. म्हटलं, संपलं सगळं. पण वाळल्यावर तो असा ताणून बसला की एकही सुरकुती राहिली नाही.

मग काकांनी मला दोन बोटांवर घेतलं. उजव्या हाताचं बोट एका पंखाखाली, डाव्या हाताचं दुसऱ्या पंखाखाली. विमान असं बोटांवर सपाट राहिलं पाहिजे. शेपटी खाली गेली तर ते हवेत धडपडतं आणि पडतं. माझी शेपटी खाली गेली. काकांनी एक गोल डबी उघडली, त्यातली मऊ, कधी न वाळणारी रंगीत माती चिमूटभर घेतली आणि माझ्या नाकात आतून दाबून बसवली. थोडी काढली, परत थोडी लावली. त्यांचं जेवण थंड होत होतं. काकू म्हणाल्या, टांगूनच तर ठेवायचंय, दोऱ्या धरतील की त्याला.

काका म्हणाले, "टांगलेलं असलं म्हणून काय झालं? विमान आहे ते."

हे वाक्य मी जपून ठेवलंय. माझ्यासारख्या भित्र्याला कोणी इतक्या सहज विमान म्हणावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

शेपटीवर त्यांनी तांबड्या रंगात सत्तावीस आकडा काढला. का सत्तावीस, विचारू नका, त्यांचं लग्न सत्तावीस तारखेला झालं होतं असं काकू हळूच म्हणाल्या. गळ्यात पाटी अडकवली, ‘नमुना. विक्रीस नाही.’ आणि मी छताला लागलो.

काय दिवस होते हो ते! सुट्टीच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. लोक घरी बांधलेली विमानं पिशवीतून, टोपलीतून, एक बाई तर उशीच्या अभ्र्यातून घेऊन यायची. काका प्रत्येक विमान दोन बोटांवर घ्यायचे. सगळं दुकान गप्प व्हायचं. मग डबी उघडायची, चिमूटभर माती लागायची आणि विमान सपाट झालं की मागे उभे असलेले अनोळखी लोकसुद्धा वा म्हणायचे. त्या मातीचे पैसे काकांनी कधी कोणाकडे मागितले नाहीत. तोलकाका हे नाव त्या मातीवरूनच पडलं.

त्या गर्दीत हा चष्मेवाला असायचा. तेव्हा तो नुकता शिकून समोर दुकान टाकून बसला होता. गिऱ्हाईक नसलं की रस्ता ओलांडून आलाच. बोटांना कायम डिंक चिकटलेला. काका त्याला चिडवायचे, अरे, त्या हातांनी लोकांचे चष्मे बसवू नकोस, चिकटून राहतील नाकाला. हात त्याचा जडच. डिंक लावायचा तो लिंपल्यासारखा. पण हौस दांडगी होती आणि काकांना हौशी माणूस पोटच्या पोरासारखा.

मग लोक फोन घेऊन येऊ लागले. आधी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? येईल तो माझा फोटो काढायचा. खालून, बाजूने, शेपटीचा वेगळा. काका सगळं समजावून सांगायचे, कुठला डिंक, किती दिवस वाळवायचं, कागद कसा चढवायचा. माणूस मान डोलवायचा आणि म्हणायचा, घरी विचारून कळवतो. एकाने तर काकांना अर्धी दुपार बोलतं ठेवलं आणि त्यांच्याच काउंटरवर कोपर टेकून फोनवरून मागवून टाकलं. वर म्हणाला, उद्या येतंय म्हणे. काका म्हणाले, वा, छान. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

गर्दी ओसरत गेली. सुट्टीच्या दिवशी काका डबी पुसून समोर ठेवायचे आणि दाराकडे बघत बसायचे. काकू म्हणायच्या, आता घरी बसा. काका म्हणायचे, घरी बसून या हातांनी करू काय? मी वरून ते हात बघायचो. काम नसलं की ते काउंटरवरची नसलेली धूळ झटकायचे. दुकान जाईल ही काळजी मला होतीच, पण या हातांचं काय होईल, ही काळजी मला जास्त खायची.

आणि एके दिवशी ते खोकं आलं. चष्मेवाल्याचं दुकान बंद होतं, तो बायकोला घेऊन कुठल्याशा लग्नाला गेला होता. सामान पोचवणारा समोर काकांकडे आला, शेजारचं आहे, ठेवून घेता का म्हणाला. काका शेजारधर्माला कधी नाही म्हणायचे नाहीत. खोकं घेतलं आणि सहज कानाशी धरून हलवलं. मग थांबले. परत हलवलं. आतल्या काड्यांचा, विमानाच्या नाकावरच्या इवल्या पंख्याचा आवाज त्यांनी आयुष्यभर ऐकलेला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं, खोक्यात माझाच भाऊबंद आहे.

त्यांच्या मागच्या फळीवर तेच संच धूळ खात पडले होते, बरं का.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला खोकं न्यायला आला तेव्हा त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं असावं. रंगच उडाला त्याचा. स्वस्त पडलं, घाईत मागवलं, असलं काहीतरी पुटपुटला. मला वाटलं, आता काका बोलणार, आता स्फोट होणार. मी दोऱ्या घट्ट धरून बसलो.

काका म्हणाले, "शेपटीची एक काडी नेहमी तुटलेली येते यात. लावायच्या आधी बघून घे."

तो गेला आणि पुन्हा फिरकला नाही. शरमेने नाही आला, हे मला आता कळतं. तेव्हा मात्र मी त्याला मनातल्या मनात पोटभर शिव्या दिल्या. काकांनी त्याला काहीच दोष दिला नाही. पण त्या दिवसानंतर नवा माल मागवणंही बंद केलं. घराघरांतली पोरं कमावती झाली की आईबाप जसे मुकाट्याने बाजूला होतात, तसे ते बाजूला झाले.

दुकान आवरायला काढलं तेव्हा फळ्या रिकाम्या होत गेल्या आणि माझी झोप उडाली. सगळ्या वस्तूंना कोणी ना कोणी नेत होतं. मी विक्रीस नाही! मग मला नेणार कोण? कचऱ्याचा डबा दारातच होता. नमुन्याचा माल संपल्यावर नमुन्याला कोण विचारतो?

शेवटच्या दिवशी रस्ता ओलांडून चष्मेवाला आला. बराच वेळ दारात उभा राहिला. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, हे मला द्याल? काकांनी पाटी दाखवली. तो म्हणाला, "विकत नकोय, काका. टांगायला हवंय." काकांनी मला स्वतः उतरवलं, पाटी काढली आणि त्याच्या हातात दिलं. एवढंच सांगितलं, पंख्यापासून लांब टांग. आणि या शहाण्याने मला कुठे टांगलं ते तुम्ही बघताच आहात.

इथे माझं बरं चाललंय तसं. भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचून झाली की चष्मेवाला गिऱ्हाइकाला शेवटी म्हणतो, आता त्या विमानाच्या शेपटीवर काय लिहिलंय सांगा. सत्तावीस, असं म्हणाले की चष्मा जमला. पोरंटोरं तर मुद्दाम मला वाचायला येतात. पण काका कधी आले नाहीत. काकू एकदा चष्म्याची काच बदलायला आल्या होत्या. म्हणाल्या, दिवसभर खिडकीत बसतात, हातात काही धरतच नाहीत. ती रात्र माझी कशी गेली असेल ते मलाच ठाऊक.

गेल्या आठवड्यात काकू त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. रस्ता ओलांडताना मी काचेतून बघत होतो. खोकी नेणारी एक दुचाकी इतक्या जवळून गेली की काकूंनी त्यांना मागे ओढलं. काका वाळले होते. पायरी चाचपत आत आले. चष्मेवाल्याने खुर्ची पुसून त्यांना बसवलं, अक्षरं वाचायला लावली. वरच्या दोन ओळी वाचल्या, पुढे अडले. त्याने काचा बदलल्या. मग नेहमीच्या सवयीने विचारलं, त्या विमानाच्या शेपटीवर काय आहे?

काका लगेच म्हणाले, "सत्तावीस."

चष्मेवाल्याने हातातली काच पुसली. मग म्हणाला, "काका, डोळ्यांनी वाचा. आठवणीनं नको."

काकांनी पुन्हा बघितलं. डोळे बारीक केले. मी जितका स्थिर राहता येईल तितका राहिलो, पंखा फिरत होता तरी. शेवटी ते म्हणाले, नाही रे दिसत. इतक्या वर्षांत मला एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं. माझी सगळी काळजी मी उगाच स्वतःसाठी खर्च करत आलो, असं वाटलं.

आज सकाळी ते नवा चष्मा न्यायला आले. चढवला, मान वर केली आणि माझ्याकडे असे बघत राहिले की मलाच लाजल्यासारखं झालं. सत्तावीस, म्हणाले. दोनाचा वरचा बाक जरा जाड झालाय, म्हणाले. चष्मेवाला हसला आणि मग त्याने गल्ल्याखालून ते काढलं. त्या खोक्यातलं विमान. बांधलेलं, तांबड्या पंखांचं, तीनदा आपटलेलं, ठिगळं लावलेलं. म्हणाला, किती दिवस झाले काका, हातातून सुटलं की शेपटीवर बसतं. तुमच्याकडे यायला तोंड नव्हतं.

काकांनी ते हातात घेतलं. दोन बोटांवर ठेवलं. शेपूट धाडकन खाली. डिंक लिंपलायस नेहमीसारखा, म्हणाले, आणि त्यांचा हात सवयीने काउंटरवर डबी शोधू लागला. काउंटर त्यांचं नव्हतं आणि डबीही नव्हती. हात तसाच थांबला. मग त्यांनी वर बघितलं, चष्मेवाल्याला स्टूल मांडायला लावलं, आणि माझं नाक खाली ओढून आतली माती काढली. सगळी. थोडीशीही ठेवली नाही. जड हाताच्या विमानाला जास्तच लागली ती. आणि ते सपाट झालं. दोन बोटांवर, न हलता.

चष्मेवाला म्हणाला, उडालं तर दर रविवारी इथे या टेबलाशी बसायचं काका, लोकांना बोलावतो मी, सगळ्यांची विमानं घरी अशीच पडून आहेत. काका म्हणाले, आधी उडू दे. आणि दोघे मैदानाकडे गेले. तेव्हापासून मी असा नाक वर करून लोंबकळतोय आणि तुमच्याशी बडबडतोय. माझा तोल गेला, जाऊ दे. पण ते पडलं तर? काका पुन्हा त्या खिडकीत जाऊन बसतील आणि मग उठणार नाहीत. तुम्ही मैदानावरून आलात का हो? तांबड्या पंखांचं विमान कुठे दिसलं का?

थांबा. दार वाजलं. चष्मेवाल्याच्या चपलांना चिखल आहे, हातात विमान आहे. मोडलंय का? इथून दिसत नाही. काका मागून येताहेत, पायरी न चाचपता. त्यांनी चष्मा नीट केला. मान वर केली. बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

"याचं नाक वर गेलंय," म्हणाले. "डबी घरी आहे, तुझ्या काकूनं जपून ठेवलीय. रविवारी घेऊन येतो."

ऐकलंत ना? रविवारी म्हणाले. तर आता एक काम करा, उठताय तसं ते बटण दिसतंय ना भिंतीवर, पंखा जरा दोनवर आणा. रविवारपर्यंत मला पडून चालायचं नाही.