एकतीस घरटी आणि तिजानीची नजर

केरकेना बेटावर कोणाचं बाळ गोंडस निघालं की बाया म्हणतात, "काय बाई हे माकड!" दृष्ट लागू नये म्हणून. मंजियाने चिखल्या पक्ष्यांच्या बाबतीत तेच केलं आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

किनाऱ्यावरची घरटी मोजायचं काम पक्षीमित्रांच्या संस्थेने तिला दिलं होतं. म्हातारी रोज पहाटे अनवाणी फिरे. वाळूतला एकेक खळगा, त्यातली तीन-तीन अंडी तिला तोंडपाठ. पण संस्थेच्या ओल्फाचा सफाक्स शहरातून फोन आला की कुरकुरे, "कसली घरटी, पोरी? चार आहेत मेली, तीही रडकी."

मे महिन्यात ओल्फा बोटीने आली. कॉफीच्या दुकानात तिने गावाला सांगितलं, "वीस घरटी असती तर किनारा उन्हाळाभर बंद ठेवता आला असता. चारच आहेत. उद्या वाळूवर साचलेलं समुद्रगवत काढायला ट्रॅक्टर फिरणार."

मंजिया उठली, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. पहिल्याच खुर्चीवर तिजानी बसला होता. तिजानीने कौतुकाने पाहिलं की भरला माठ तडकतो, असं गाव म्हणे. लग्नात त्याची मिठाईसुद्धा उंबऱ्याबाहेर पोचवत.

"आधी याला बाहेर काढा," मंजिया म्हणाली.

"मी काय केलं गं?"

"अजून काही नाही. म्हणूनच जा."

तिजानी उठला, कोणाकडे न बघता गेला. दार लागल्यावर मंजियाने दृष्ट टळावी म्हणून पाचही बोटं पसरली, "मासा त्यांच्यावर" असं पुटपुटली आणि ओरडली, "एकतीस!"

ओल्फाने कपाळावर हात मारला. "अगं मावशी, मग महिनाभर चार-चार काय लावलं होतंस?"

"मग काय दवंडी पिटू?"

ओल्फाने फोनाफोनी केली. ट्रॅक्टर एक दिवस थांबला, पण सकाळी नगरपालिकेचे साहेब स्वतः मोजायला येणार होते. वीस भरली तरच किनारा वाचणार.

आकडा बोलून बसल्याची धास्ती मंजियाला झोपू देईना. फटफटताच ती धावत सुटली. बघते तर घरट्यांच्या ऐन मधोमध तिजानी! डोळे घट्ट मिटलेले, हातात खजुराची झावळी.

"हलू नकोस मेल्या! इथे काय करतोयस?"

"कुत्री आली होती गं. भुंकणं ऐकून हाकलतोय. पण एकही अंडं बघितलं नाही हं, अल्लाशपथ!"

मंजियाला स्वतःचीच लाज वाटली. साठ वर्षं या माणसाला आपण दाराबाहेर उभं केलं.

"डोळे उघड," ती म्हणाली. "बघ."

"नको. काही झालं तर?"

"बघ म्हणते ना!"

तिजानीने एक डोळा उघडला, मग दुसरा. वाकला. डोकं खाजवलं. अंडी त्याच्या अंगठ्यापासून वीतभर होती, वाळूच्याच रंगाची.

"कुठे आहेत गं?"

मंजियाला हसू आवरेना. हसता हसता डोळे पुसले आणि तिने त्याचं बोट धरून खाली अंड्यांकडे नेलं.

"एक," ती मोठ्याने मोजू लागली. "दोन. तीन."