गुरुवारी गेट बंद असतं

मी एक जुनी चाचणी आहे, मित्रांनो. परीक्षेतली नव्हे, तेव्हा घाबरू नका. खराडीतल्या एका ऑफिसात संगणकाच्या पोटात मी राहते. माझी उंची अवघी सहा ओळी.

माझा जन्म एका फजितीतून झाला. शालनताईंची खानावळ भोसरीच्या एका कारखान्याला दोनशे डबे पुरवते. कोणत्या दिवशी किती डबे करायचे हे सांगणारा प्रोग्रॅम आमच्या ऑफिसातल्या शर्मिलाताईंनी लिहिला आणि त्याच्या सेटिंगमध्ये साप्ताहिक सुट्टी बिनदिक्कत रविवार धरली. आयटीवाल्यांना दुसरा वार सुचतोच कुठे? पहिल्याच गुरुवारी दोनशे गरम डबे बंद गेटपुढे जाऊन उभे राहिले. शर्मिलाताई धावत तिथे पोचल्या, तर रखवालदार गेनबा शांतपणे म्हणाला, "गुरुवारी हितं लाईट नसती, बाई. सुट्टी असती. पाटी हाय की."

त्याच दुपारी शर्मिलाताईंनी सेटिंगमधली सुट्टी गुरुवार केली आणि मला लिहिलं. सेटिंग तपासणारा भाग 'गुरुवार' आत घेतो ना, आणि रिकामा रकाना परत पाठवतो ना, एवढंच मी पाहते. नाव मात्र त्यांनी मला ठसठशीत दिलं: 'गुरुवारी गेट बंद असतं'. पुढची सहा वर्षं प्रोग्रॅममध्ये कोणी काही बदललं की मी तपासून हिरवी व्हायची, म्हणजे सगळं ठीक; बिघडलं असतं तर लाल. हिरव्या चाचणीकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग नागपूरहून प्रज्ञेश नोकरीला आला. सुट्टीच्या रकान्यात कोणीतरी 'उद्या' असं लिहून ठेवलेलं त्याला सापडलं. त्याने तपासणी कडक केली: शनिवार किंवा रविवार, बाकी सगळं चूक. मी लालभडक झाले. म्हातारीला चळ लागलाय, असं त्याला वाटलं. चार वाजता नवा प्रोग्रॅम खानावळीत जायचा होता. मला पुसायला त्याने बोट उचललं आणि त्याची नजर माझ्या नावावर पडली. तो थबकला. त्याने शालनताईंनाच फोन लावला आणि विचारलं, "ताई, सुट्टीतून गुरुवार काढला तर चालेल का?"

"चालेल की. दोनशे डबे तू एकटा खाणार असशील, तर खुशाल काढ."

प्रज्ञेशचे कान लाल झाले आणि थोड्याच वेळात मी हिरवी. त्याने सातही वारांना आत घेतलं, 'उद्या'ला बाहेर ठेवलं आणि त्यावर लक्ष ठेवायला माझ्या शेजारी एक नवी चाचणी लिहिली. मला सोबत झाली.

मित्रांनो, जुनी चाचणी लाल झाली तर पुसण्याआधी तिचं नाव वाचा, एक फोन करा. आज गुरुवार आहे. शालनताईंना आठवड्यात हा एकच दिवस मिळतो. त्यांची शेगडी थंड असेल, त्या पाय पसरून बसल्या असतील. सकाळपासून मी चारदा हिरवी झाले. कोणी पाहिलं नाही, आणि आता त्याचं वाईटही वाटत नाही.